रक्ताचे थेंब कसले मोजता?

पंधरा वर्षांच्या मुलामुलींना युद्धाचा भयंकर चित्रपट दाखवावा की नाही, हा प्रश्न आपल्या घरांत आणि शाळांत विचारला जातो तो विषय बंद करण्यासाठी. उत्तर आधीच ठरलेले असते : ‘नको, मनावर परिणाम होईल.’ एवढे बोलून पालक मोकळे, मुख्याध्यापक मोकळे, आणि ज्याच्या मनाची एवढी काळजी वाहिली तो मुलगा आतल्या खोलीत जाऊन मोबाइलवर माणसे टिपण्याचा खेळ सुरू करतो. त्या खेळात मेलेला माणूस दोन-तीन सेकंदांत नाहीसा होतो. त्याला आई नसते, घर नसते, त्याच्या प्रेताला वास सुटत नाही. हे रोज तासन्‌तास चालते आणि त्यावर एकही पालकसभा भरत नाही. परिणाम होईल म्हणून चित्रपट नको म्हणता? अहो, परिणाम व्हावा म्हणूनच तर तो दाखवायचा! अख्खे गाव जळताना पाहून ज्या पोराला काहीच होत नाही, त्याची काळजी करा.

आमचे म्हणणे आडपडदा न ठेवता सांगतो. नववी-दहावीपासून पुढच्या मुलामुलींना युद्धाचे खरे रूप दाखवणारे चित्रपट दाखवलेच पाहिजेत. घरी दाखवले पाहिजेत, शाळेत दाखवले पाहिजेत, आणि मोठ्या माणसाने शेवटपर्यंत शेजारी बसून दाखवले पाहिजेत. टाळाटाळ करणारे पालक मुलांच्या नावाखाली स्वतःला जपत असतात. चित्रपट संपल्यावर मुलगी विचारणार, ‘बाबा, ही माणसे अशी का वागली?’ त्याचे उत्तर द्यायला आपण काही वाचलेले नाही, कधी विचार केलेला नाही, ही खरी अडचण आहे. आणि ती झाकायला बालमानसशास्त्राचे नाव पुढे केले जाते.

उदाहरण घ्यायचे तर सगळ्यांत कठीण घ्यावे. एलेम क्लिमोव या सोव्हिएत दिग्दर्शकाचा १९८५ सालचा ‘कम अँड सी’. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी बेलारूसमध्ये जे केले त्याचा हा चित्रपट. धट्टीकट्टी माणसेही तो पाहून रात्रभर कूस बदलत राहतात. नायक फ्ल्योरा हा खेड्यातला पोरगा, आणि ती भूमिका करणारा अलेक्सेई क्राव्हचेन्को चित्रीकरणाच्या वेळी अवघा चौदा वर्षांचा. सुरुवातीलाच फ्ल्योरा आणि त्याच्याहून लहान एक पोर वाळू उकरून मेलेल्या सैनिकाची बंदूक शोधत असतात, कारण बंदूक हाती असली की जंगलातल्या छुप्या सैनिकांच्या तुकडीत भरती होता येते. ती सापडल्यावर त्याच्या तोंडावर जो आनंद फुलतो तो आपण ओळखतो. तो आपल्या घरातल्या पोराच्या तोंडावर रोज दिसतो. आई रडूनओरडून आडवी येते, धाकट्या दोघी बहिणी बघत उभ्या असतात, आणि हा लढाईला निघतो ते हसत हसत.

पुढे काय होते ते सगळे इथे सांगत नाही. पण एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. जर्मन तुकडी एका गावातल्या सगळ्या माणसांना हाकलत नेऊन लाकडी कोठारात कोंबते. खिडकीपाशी येऊन एक अधिकारी सांगतो, पोरांना आत ठेवून ज्यांना बाहेर यायचे असेल त्यांनी यावे. आत क्षणभर सगळे गप्प. फ्ल्योरा खिडकीतून बाहेर पडतो. एक बाई मूल घेऊन बाहेर यायला बघते, तर मूल परत आत फेकले जाते आणि तिला केसांना धरून फरफटत नेतात. मग हातबॉम्ब, मग आग. बाहेर उभे असलेले सैनिक टाळ्या वाजवतात. फ्ल्योराच्या कपाळाला पिस्तूल लावून त्याच्याबरोबर हसत फोटो काढून घेतात. पण आग लागल्यावर कॅमेरा कोठाराच्या आत डोकावत नाही. आतले जळणे दिसत नाही. दिसतो तो या पोराचा चेहरा, आणि चित्रपट संपेपर्यंत त्या चौदा वर्षांच्या चेहऱ्यावर म्हाताऱ्यासारख्या सुरकुत्या पडलेल्या असतात.

चित्रपटातले गाव कल्पित आहे, घटना कल्पित नाही. २२ मार्च १९४३ रोजी बेलारूसमधले खातिन हे गाव याच पद्धतीने जाळले गेले. १४९ माणसे मेली, त्यातली ७५ मुले होती. माणसांसकट जाळलेल्या गावांची संख्या ६२८ होती, असे चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर येते. पटकथेचा सहलेखक आलेस आदामोविच कोवळ्या वयातच छुप्या सैनिकांबरोबर लढलेला, आणि पुढे वाचलेल्या माणसांच्या साक्षी गोळा करत गावोगाव हिंडलेला. क्लिमोव स्वतः नऊ वर्षांचा असताना पेटलेल्या स्टालिनग्राडमधून आईबरोबर व्होल्गा ओलांडून बाहेर पडलेला. परवानगीसाठी या माणसाला सरकारी चित्रपट खात्याशी जवळजवळ आठ वर्षे झगडावे लागले. म्हणजे ज्यांनी हे बालपणी भोगले त्यांनी हे पुढच्या पोरांसाठी मांडून ठेवले, आणि आपण त्यांना सांगतो की आमची मुले फार नाजूक आहेत!

आता आपल्या पालकांची यादी या चित्रपटाला लावून पाहू. शिव्या किती? नग्नता किती? रक्त किती? या मोजणीत ‘कम अँड सी’ जवळजवळ पास होईल. जळणारे कोठार बाहेरूनच दिसते. घरामागे रचलेली प्रेते एकदाच, पळता पळता, निमिषभर दिसतात. नायकाला तर तीही दिसत नाहीत, त्याच्याबरोबरची मुलगी मागे वळून पाहते म्हणून आपल्याला कळते. मग इतका भयंकर का वाटतो हा चित्रपट? कारण त्यात मरणारा प्रत्येक माणूस जिवंत होता हे तो विसरू देत नाही. ही गोष्ट कुठल्याही यादीत मोजता येत नाही.

आणि यादी घेऊन बसलेल्यांचे काय होते तेही जगाने पाहिले आहे. फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीने स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘शिंडलर्स लिस्ट’ जवळजवळ न कापता दाखवला, तेव्हा टॉम कोबर्न नावाच्या लोकप्रतिनिधीने तक्रार केली की यात नग्नता आहे, हिंसा आहे, अर्वाच्य भाषा आहे. छळछावणीत कपडे उतरवून, आता विषारी वायू सोडणार या धास्तीने एकमेकींना बिलगलेल्या बायका पाहून या माणसाला नग्नता दिसली! त्याच्या स्वतःच्या पक्षातल्या लोकांनीही त्याला धारेवर धरले आणि त्याला माफी मागावी लागली. आपल्याकडच्या किती पालकसभांत हाच कोबर्न खुर्चीवर बसलेला असतो!

याच यादीतून अगदी स्वच्छ सुटून येतो तो दुसऱ्या प्रकारचा युद्धपट. नायक एकटा पन्नास जणांना लोळवतो, पार्श्वसंगीत छाती फुगवते, शत्रूला नाव नसते, चेहरा नसतो, गोळी लागली की तो फक्त मागे उडतो. रक्त बेताचे, शिव्या बेताच्या, नग्नता शून्य. सहकुटुंब बघायला हरकत नाही. पोरे शिट्ट्या मारतात, बाहेर येऊन संवाद म्हणतात, आणि बाप कौतुकाने त्यांचा व्हिडिओ काढतो. आम्ही जबाबदारीने लिहितो की किशोरांना अयोग्य असा चित्रपट असेल तर तो हा! ज्यात मारणे गोड लागते तो चित्रपट मुलाच्या मनावर जो परिणाम करतो, तो दहा ‘कम अँड सी’ करणार नाहीत. पण अडवला जातो तो खरे बोलणारा. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची ही आपली जुनी रीत.

या रीतीचा शेवट कुठे होतो, ते ज्यांना पाहायचे असेल त्यांनी १९३० सालच्या बर्लिनकडे पाहावे. त्या वर्षीच्या डिसेंबरात नोलेन्डॉर्फ चौकातल्या चित्रपटगृहात ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ लागला. एरिख मारिया रेमार्कची कादंबरी, लुइस माइलस्टोनचे दिग्दर्शन. गोष्ट शाळेच्या वर्गातून सुरू होते. मास्तर फळ्यासमोर उभे राहून पितृभूमीचे गोडवे गातात आणि वर्गच्या वर्ग उठून भरतीला जातो. त्यातली मुले खंदकात चिखल, उंदीर आणि भूक यांत एकामागून एक मरतात. हा चित्रपट जर्मन तरुणांनी पाहू नये असे कोणाला वाटले? जोसेफ गोबेल्सला! तो आपल्या टोळ्या घेऊन चित्रपटगृहात शिरला. दुर्गंधीच्या कुप्या फोडल्या, पांढरे उंदीर सोडले, प्रेक्षकांना मारहाण केली. आणि सरकारने काय केले? गुंडांना आवरायचे सोडून आठवडाभरात चित्रपटावर बंदी घातली. कारण दिले की त्याने जर्मनीच्या प्रतिष्ठेला धक्का बसतो.

पुढे हेच गोबेल्स महाशय चित्रपटखात्याचे सर्वेसर्वा झाले. चांगल्या चित्रपटांवर सरकारी शिक्के मारायची पद्धत होती, त्यात ‘तरुणांसाठी मौल्यवान’ असा एक शिक्का त्यांच्या राज्यात आला. तो कोणत्या चित्रपटाला मिळाला माहीत आहे? फाइट हार्लान दिग्दर्शित ‘यूद स्युस’ला, १९४० साली. ज्यू माणूस लुच्चा, लंपट आणि फाशी देण्याच्याच लायकीचा असतो, हे शिकवणारा तो चित्रपट. हिटलर युवकांना खास खेळ लावून असले चित्रपट दाखवले जात. त्यात कोठारे जळत नव्हती, आतडी बाहेर येत नव्हती. युद्धाचे भयंकर रूप त्यात नव्हते, आणि म्हणूनच तो मुलांच्या मनात सरळ उतरला. ज्या राज्याने युद्धाचे खरे रूप मुलांपासून लपवले, त्याच राज्याने द्वेष मात्र त्यांना शिक्का मारून, सरकारी खर्चाने पाजला. किशोरांसाठी योग्य काय, हे ठरवण्याचा अधिकार डोळे मिटून कुठल्याही शिक्क्याकडे सोपवणाऱ्यांनी हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

१९३० साली जी जर्मन मुले पाळण्यात होती, ती १९४५ च्या वसंतात सोळा वर्षांची झाली. तोवर सोळा ते साठ वयाच्या सगळ्या पुरुषांना शेवटच्या लढाईसाठी उभे करण्याचा हुकूम निघालेला होता. बर्नहार्ड विकी या दिग्दर्शकाने १९५९ मध्ये ‘द ब्रिज’ हा जर्मन चित्रपट काढला तो याच मुलांवर. सात शाळकरी पोरे, सगळी एकाच वर्गातली. युद्ध हरलेले आहे हे मोठ्यांना ठाऊक आहे. गावाचा एक पूल राखण्याचे काम त्यांना दिले जाते. आपल्याच लष्कराला तो पूल उडवायचा आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. सात पोरांतला एक परत येतो. या घटनेची लष्कराच्या एकाही अहवालात नोंद झाली नाही, असे चित्रपट शेवटी सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी या मुलांच्या बापांना पडद्यावरचे खंदक पाहू दिले असते तर पुलावर पोरे मेलीच नसती, असा दावा आम्ही करत नाही. इतिहास इतका सोपा नसतो. पण चित्रपट कोणी बंद पाडला आणि पोरे पुलावर कोणी पाठवली, या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे.

हे दूर जर्मनीत घडले, आमचा काय संबंध, असे म्हणणाऱ्यांना आठवण करून देतो. मे २०२५ मध्ये सीमेवर संघर्ष पेटला तेव्हा व्हिडिओ गेममधली विमाने पाडल्याची दृश्ये खऱ्या लढाईची म्हणून आपल्या मोबाइलांवर फिरली. दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत बसून माणसे शहरे जिंकत होती. कार्यक्रमांत हवाई हल्ल्याच्या भोंग्यांचे आवाज वापरू नका, असे शेवटी नागरी संरक्षण खात्याला वाहिन्यांना बजावावे लागले. खऱ्या धोक्याचा भोंगा लोक ऐकेनासे होतील, इतका तो करमणुकीसाठी वाजवला जात होता! ते सगळे आपल्या दिवाणखान्यात, आपल्या आठवी-नववीच्या मुलांसमोर, जेवणाच्या ताटांबरोबर चालले होते. त्या आठवड्यात कोणत्या पालकाने रिमोट हातात घेऊन ‘मनावर परिणाम होईल’ म्हटले?

आणि महाराष्ट्राने तर हा प्रश्न टाळूच नये. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी पुण्याजवळ खडकवासल्याला आहे. तिथे साडेसोळाव्या वर्षी प्रवेश मिळतो, आता मुलींनाही मिळतो. दहावी झाली की संभाजीनगरच्या प्रशिक्षण संस्थेत त्यासाठीच मुले निवडली जातात. साताऱ्यात सैनिकी शाळा १९६१ पासून उभी आहे. सैन्यात जाण्याचा निर्णय जे मूल सोळाव्या वर्षी घेऊ शकते, त्याला युद्ध कसे असते हे पाहण्यापासून अठरापर्यंत अडवायचे, हा कुठला न्याय? माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. पुतळ्याला हार पडतो, भाषण होते, मुले टाळ्या वाजवतात. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले जवळजवळ सगळे पडले, तेव्हा हे एकटे मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब फेकला, एकाला गोळी घातली, आणि बंदुकीत नव्या गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने ठेचून मारले. लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. वय बावीस. दस्त्याने माणूस मारताना त्या कोकणातल्या पोराच्या हाताला काय जाणवले असेल, हे ज्या मुलाच्या मनात कधी आले नाही, त्याने टाळ्या वाजवल्या तरी घाडग्यांचा मान राखला असे आम्ही मानत नाही. शौर्याची किंमत माहीत नसताना केलेला जयजयकार सैनिकाला नको असतो.

आता विरोधकांच्या हाती एक भक्कम दाखला आहे, तो त्यांच्या आधी आम्हीच मांडतो. १७ जानेवारी १९९४, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मृतीचा दिवस. अमेरिकेत ओकलंडमधल्या एका सरकारी शाळेची सत्तरएक मुले ‘शिंडलर्स लिस्ट’ पाहायला नेली. छळछावणीतली एक ज्यू अभियंता बाई बांधकामातली चूक दाखवते म्हणून तिच्या डोक्यात गोळी घातली जाते. ती कोसळते. आणि त्या मुलांतली काही जण हसली. चित्रपटगृह संतापले. मालकाने खेळ थांबवला आणि सगळ्या मुलांना बाहेर काढले. दुसऱ्या दिवसापासून देशभर गदारोळ. बघा, म्हणाले लोक, ही मुले या लायकीची नाहीत.

त्या मुलांचा दोष किती आणि त्यांना तिथे नेऊन बसवणाऱ्यांचा किती, हे मात्र फार थोड्यांनी विचारले. ज्या वस्तीतून ती आली होती तिथे गोळीबार नवा नव्हता. युरोपातल्या ज्यूंचे काय झाले, याची पुरेशी ओळख त्यांना कोणी करून दिलेली नव्हती. तीन तासांचा कृष्णधवल चित्रपट, परके देश, परकी नावे, आणि थेट अंधारात नेऊन बसवले. स्पीलबर्ग स्वतः एप्रिलमध्ये त्या शाळेत गेला, मुलांशी बोलला, आणि त्यांना झोडपणाऱ्यांच्या ओळीत उभा राहिला नाही. शाळेनेही नंतर हा विषय नीट शिकवायला घेतला. आमच्या मते ओकलंडचा धडा एवढाच, की तयारी न करता दाखवणे हाही गुन्हाच आहे. भीतीनेही माणूस हसतो, लाजेनेही हसतो, आणि कळले नाही म्हणूनही हसतो. मुलगा हसला तर शिक्षकाने चित्रपट थांबवून त्याला बाहेर काढायचे नसते. दुसऱ्या दिवशी त्याच्याशी बोलायचे असते.

सगळ्यांना सगळे दाखवा, असेही आमचे म्हणणे नाही. नऊ-दहा वर्षांच्या पोराला ‘कम अँड सी’समोर बसवणारा बाप आम्हाला कडक वाटत नाही, क्रूर वाटतो. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, ज्या मुलीने दंगल किंवा मारहाण डोळ्यांनी पाहिली आहे, ज्याचे वडील आत्ता सीमेवर आहेत, त्या मुलाला आधी एकांतात विचारले पाहिजे. आणि तो नको म्हणाला तर कारण न विचारता ते मान्य केले पाहिजे. उलट केवळ कार्टून आहे म्हणून लहानांना काहीही लावून देऊ नये. इसाओ ताकाहाता यांचा १९८८ चा जपानी ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा चित्रांतून हलणारा सिनेमा आहे. कोबे शहरावर आगीचे बॉम्ब पडल्यावर चौदा वर्षांचा भाऊ चार वर्षांच्या बहिणीला घेऊन वणवण फिरतो, आणि ती बहीण उपासमारीने मरते. त्यात एकही शिवी नाही. पण पाच वर्षांच्या मुलाला तो पेलणार नाही. पंधराच्या मुलीला तो पेलेल, आणि ती त्यानंतर ताटात अन्न टाकताना विचार करेल.

कायदा याबाबतीत आपल्या पालकांइतका मागासलेला नाही, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. १९७० साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी सेन्सॉरविरुद्ध केलेल्या खटल्याचा निकाल सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी दिला. सेन्सॉरचा अधिकार न्यायालयाने मान्य केला, पण विषय भयंकर आहे एवढ्यावरून कात्री चालवू नये, तो कसा हाताळला आहे ते पाहावे, हे बजावूनच. १९९६ मध्ये ‘बँडिट क्वीन’चा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ‘शिंडलर्स लिस्ट’चाच दाखला दिला : त्यातल्या विवस्त्र माणसांच्या रांगा पाहून प्रेक्षकाला रडू येईल, करुणा वाटेल, शरम वाटेल, एखाद्या विकृताला काय वाटेल यावर सेन्सॉरचे धोरण ठरत नसते. आणि १९८८ मध्ये गोविंद निहलानींच्या ‘तमस’वर फाळणीच्या जखमा उघड्या होतील म्हणून आक्षेप आला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी काय केले? आधी मालिका स्वतः पाहिली. मग निकाल दिला, आणि ती दाखवू दिली. महाराष्ट्रातल्या घराघरांत ती रात्री पाहिली गेली, पोरांनीही पाहिली.

२०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’ प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन टप्पे झाले. आणि कायद्याने स्पष्ट म्हटले आहे की हा टप्पा पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहे, तो पालकांखेरीज दुसऱ्या कोणी लादायचा नाही. निर्णय आपल्या हाती सोपवलेला आहे; तो न घेता आपण पोस्टरच्या कोपऱ्यातला आकडा वाचून हात झटकतो. एकाच ‘शिंडलर्स लिस्ट’ला जर्मनीने बारा वर्षांपासून परवानगी दिली, ब्रिटनने पंधरापासून, आणि अमेरिकेत सतराच्या आतल्यांनी पालकांबरोबर यावे असे ठरले. चित्रपट तोच. ज्या देशाच्या माथी ते पाप आहे त्याने आपली मुले सर्वांत आधी त्याच्यासमोर बसवली.

आपल्या कायद्यात एक मोठी खोट मात्र उरली आहे. ‘ए’ प्रमाणपत्र असलेला चित्रपट सतरा वर्षांची मुलगी आईचा हात धरूनही चित्रपटगृहात पाहू शकत नाही. अश्लील चित्रपट आणि नरसंहाराची साक्ष देणारा चित्रपट एकाच दावणीला बांधलेले आहेत. सोळा वर्षांवरच्यांना पालकांबरोबर प्रवेश देता येईल अशी तरतूद युद्ध, नरसंहार, दंगली यांवरच्या गंभीर चित्रपटांसाठी झाली पाहिजे. आणि प्रमाणपत्र देताना नेमके काय भयंकर आहे आणि ते का ठेवले आहे, याचे चार ओळींचे टिपण मराठीत प्रसिद्ध झाले पाहिजे. महाराष्ट्राच्या खासदारांनी ही मागणी संसदेत मांडावी.

पण शाळांना कायद्याची वाट पाहायचे कारण नाही. ज्यांना कायद्याची आडकाठी नाही असे कितीतरी चित्रपट आजच हाताशी आहेत. दृक्‌श्राव्य कक्षातला प्रोजेक्टर स्नेहसंमेलनाच्या चित्रफितींपलीकडेही चालतो. आधी दोन तास इतिहासाच्या शिक्षकांनी नकाशा लावून काळ आणि देश समजावून सांगावा. मग चित्रपट सलग दाखवावा. पस्तीस मिनिटांच्या तासिकांत तुकडे करून दाखवणे म्हणजे तो न दाखवणेच. दार उघडे असावे, ज्याला उठून जायचे असेल त्याने जावे, आणि बाहेर कोणीतरी मोठे माणूस बसलेले असावे. संपल्यावर लगेच दिवे लावून प्रश्न विचारू नयेत. बोलणे दुसऱ्या दिवशी. निबंध लिहायला लावू नये, गुण तर मुळीच देऊ नयेत. ज्या क्षणी गुण आले त्या क्षणी मुले खरे बोलणे बंद करतील आणि ‘युद्ध वाईट असते’ ही पाच गुणांची ओळ लिहून सुटतील.

मुख्याध्यापकांनी येत्या पालकसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय पहिला घालावा, आणि त्या दिवशी आधी पालकांना तो चित्रपट पूर्ण दाखवावा. शेवटपर्यंत बसून पाहिल्यावर जे पालक ‘माझ्या मुलाला नको’ म्हणतील, त्यांचे म्हणणे एका शब्दाने न खोडता मान्य करावे. न पाहता नको म्हणणाऱ्यांच्या सहीची चिठ्ठी स्वीकारू नये.